सिस्टरनं घाई केली नाही

बाळ पोटातच गेलं की भोवतीच्या सगळ्यांना एकाएकी घाई सुटते. घरच्यांना वाटतं, लवकर मोकळी करा आणि घरी न्या. डॉक्टरांसमोर पुढची रांग असते. पुरुष मंडळींना अंधार पडायच्या आत माती द्यायची असते. आणि बाळंतिणीच्या अंगाखालची चादर बदलायच्या आधीच कुणीतरी 'अजून वय कुठं गेलंय, दुसरं होईल' असं म्हणून जातं. माझ्या वेळी या सगळ्या घाईच्या आड एक नर्स उभी राहिली. तिनं माझं सांत्वन केलं असं मी म्हणणार नाही, त्या प्रकारचं ती फारसं बोललीच नाही. काय केलं ते लिहिते. बेळगावात नर्सिंग कॉलेजं पुष्कळ आहेत, तिथल्या मुलींनी वाचलं तर बरं.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. पहिलंच बाळंतपण. आठवा महिना संपत आलेला, जुलैचा पाऊस, आणि एका सकाळी लक्षात आलं की रात्रीपासून बाळ हललेलं नाही. डाव्या कुशीवर पडून पाहिलं, गोड चहा घेतला. सासूबाई म्हणाल्या, दिवस भरत आले की बाळ कमी हलतं. हा समज आमच्याकडं घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. आत जागा कमी पडते तशी हालचालीची तऱ्हा बदलते, हालचाल थांबत नाही. दिरांनी गाडी काढली. देसूर, मच्छे, पिरनवाडी करत बेळगाव येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

हॉस्पिटलात लेबर रूमच्या बाहेरच्या खोलीत एका सिस्टरनं डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं मशीन, लावलं. बराच वेळ शोधलं, मग मशीन बंद केलं. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी काय होतं ते मी नंतर इतर बायकांकडून ऐकलं: नर्स काही न बोलता बाहेर जाते आणि बाई एकटीच छताकडं बघत पडते. ही गेली नाही. म्हणाली, "अक्का, मला ठोके मिळंनात. डॉक्टर सोनोग्राफी करून बघतील, ते नक्की सांगतील. तुमच्याबरोबर कोण आलंय? त्यांना आत बोलावते." ती मूळची गोकाककडची, घरात कन्नड. मराठी तिची वार्डात शिकलेली. तिनं माझ्या नवऱ्याला आत आणलं, बसायला स्टूल दिलं आणि मगच डॉक्टरांना बोलावलं. एवढ्या साध्या क्रमामुळं ती बातमी मला एकटीला ऐकावी लागली नाही, आणि मलाच ती पुन्हा बाहेर जाऊन नवऱ्याला सांगावी लागली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची हालचाल दिसत नाही, सॉरी. चांगले होते ते, पण दारात दुसरी केस उभी होती. ते गेल्यावर नवऱ्यानं सिस्टरला विचारलं, "मग आता औषध काय देणार?" त्याला कळलंच नव्हतं. तिनं सांगितलं, "दादा, बाळ गेलंय. त्याला औषध नाही." त्या क्षणी मला तिचा राग आला. पण 'ठोके मिळत नाहीत', 'हालचाल दिसत नाही' असं आडून बोललं की माणूस मशीनवर संशय घेत बसतो, दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ म्हणतो. कुणीतरी एकदा सरळ सांगावंच लागतं. सांगून ती तिथंच बसली. पाणी दे, पंखा लाव, असलं काही केलं नाही. नुसती बसली.

मग बाहेर एकच गलका. ऑपरेशन करून काढा. सासूबाई म्हणत होत्या, "गेलेलं मूल पोटात ठेवून घेतासा? अंगात विष होईल की तिच्या!" माझी आईही त्यांच्याच बाजूची. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. झोपवा, काढा, उठवा. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, पण का नाही ते घाईत नीट पोचलं नव्हतं. ते काम सिस्टरनं केलं. सगळ्यांना माझ्या कॉटजवळ बोलावून, माझ्यासमोर. पाणी फुटलेलं नाही, ताप नाही, रक्त गोठण्याचे रिपोर्ट नीट आले तर एक-दोन दिवस थांबण्यात आईला धोका नसतो, विषबिष होत नाही. ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जातं, बरं व्हायला वेळ लागतो, आणि गर्भपिशवीवर कायमचा व्रण राहतो, तो पुढच्या प्रत्येक बाळंतपणात आड येतो. आधी एक गोळी, मग दुसऱ्या दिवशी कळा यायच्या गोळ्या, असं चालतं. शेवटी सासूबाईंकडं वळून म्हणाली, "अज्जी, हिला अजून पुष्कळ जगायचंय. पोट फाडून कशाला पाठवू?" सासूबाई गप्प झाल्या. पटलं की नाही माहीत नाही.

पहिली गोळी घेऊन मी ती रात्र काढली. घरी जाऊन उद्या येता येईल असंही डॉक्टर म्हणाले होते, पण खानापूरच्या पुढचा रस्ता, पाऊस आणि माझं थोडं वर गेलेलं बीपी बघून आम्ही राहिलो. बीपीची नोंद आदल्या तपासणीतही तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदकार्डावर, होती. ते पुढं महत्त्वाचं ठरलं.

लेबर रूमबद्दल सिस्टरनं मला आधीच सांगून ठेवलं. पलीकडच्या टेबलांवर बायका बाळंत होतील, बाळं रडतील, तो आवाज मला थांबवता येणार नाही. तुम्हाला कोपऱ्यातलं टेबल देते, मधे पडदा ओढते. कळा इतरांसारख्याच येतील. "पण दुखतंय म्हणून सांगायला लाजू नका. बाकीच्यांना जपून देतो तशी सुई तुम्हाला जपून द्यायची गरज नाही." तिचा अर्थ मला उशिरा कळला. बाळ जिवंत असलं की त्याच्या श्वासावर परिणाम होऊ नये म्हणून वेदनेची काही औषधं हात राखून देतात. माझ्या बाबतीत ते कारणच उरलं नव्हतं. ऐकायला क्रूर, पण मला त्या सुईचा फार आधार झाला. ज्या बाईच्या हातात शेवटी बाळ येणार नाही तिनं विनाकारण का सोसायचं? हे सगळ्या लेबर रूमांत कळतं असं मला वाटत नाही. 'थोडं सोस, सगळ्याच सोसतात' हे वाक्य मी त्या पडद्याच्या पलीकडून ऐकलं, माझ्यासाठी नव्हतं ते, पण ऐकलं.

आणखी एक तिनं आधी सांगितलं होतं. बाळ बाहेर आल्यावर आम्ही कुणी पळापळ करणार नाही, म्हणून घाबरू नका. मी बाळाला गुंडाळून तुमच्या शेजारच्या टेबलावर ठेवीन. मुलगा की मुलगी ते तुम्ही विचाराल तेव्हा सांगेन. वजन मी करणारच, ते कागदावर लागतं.

संध्याकाळी बाळ झालं. मी लगेच विचारलं. मुलगी. वजन दोन किलोला थोडं कमी.

दाखवायचं की नाही, यावर घरात मतं दोन नव्हतीच. दाखवायचं नाही. आमच्याकडं हीच रीत आहे. बाळ गेलं की पुरुष कपड्यात गुंडाळून नेतात, पुरून येतात, आईनं बघायचं नसतं. बघितलं तर जिवाला लावून घेते, पुढच्या पोटावर सावली पडते, असं म्हणतात. आई म्हणाली, "नको गं बघू, जन्मभर डोळ्यासमोर येईल." मला बघायचं होतं आणि भीतीही वाटत होती, आणि हे दोन्ही एकाच वेळी कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. सिस्टरनं विचारलं, "बघायचं असलं तर मी आणते. आत्ता नको असलं तर थोड्या वेळानं परत विचारते. नको म्हणालात तरी चालतंय." मी नको म्हटलं. तिनं मान हलवली आणि गेली.

थोड्या वेळानं खरंच परत आली. या वेळी बाळ कसं दिसतं ते आधी सांगितलं. पोटात जाऊन वेळ झालाय, त्यामुळं काही ठिकाणी कातडी सुटलीय, पाण्यात फार वेळ राहिलेल्या हातासारखी. ओठ काळपट आहेत. डोकं मऊ लागेल. चेहरा चांगला आहे, केस भरपूर आहेत. मी पुसून घेतलंय, टोपी घातलीय, हातपाय झाकलेत. बघताना आधी चेहराच दिसेल. मनात मी जे काही रंगवलं होतं ते या वर्णनापेक्षा कितीतरी भयंकर होतं. मी हो म्हटलं.

सासूबाईंशी तिनं वाद घातला नाही. बाळाला आणताना दारात त्या उभ्या होत्या. तिनं एवढंच विचारलं, "अज्जी, जरा धरतासा काय? मी खाट वर करून येते." आणि बाळ त्यांच्या हातात देऊन ती खरोखर खाटेचं हँडल फिरवत बसली. सासूबाईंनी कापड थोडं बाजूला केलं. मग माझ्याकडं येत म्हणाल्या, "नाक मामंजींचं घेतलंय बघ." बाळ त्यांनीच माझ्या मांडीवर ठेवलं. त्या अर्ध्या तासाबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

नंतर मी यावर बरंच वाचलं. इंग्लंडमध्ये 2002 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात बाळाला हातात घेतलेल्या आयांना पुढच्या गरोदरपणात नैराश्य जास्त आढळलं होतं. त्यावरून तिथल्या मार्गदर्शक सूचनांतही आग्रह करू नका असं आलं. पुढच्या अभ्यासांत उलट चित्र निघालं, बघितलेल्या बहुतेक आयांना त्याचा पस्तावा नव्हता. आता आग्रह नको आणि अडवणूकही नको, विचारा आणि पुन्हा विचारा, इथपर्यंत गाडी आलीय. आमच्या सिस्टरनं यातलं काही वाचलं होतं का, देव जाणे. माझ्या शेजारच्या कॉटवर बैलहोंगलकडची एक कन्नड बाई होती, तिचं बाळ भरल्या दिवसांचं गेलेलं. तिनं दोन्ही वेळा नको म्हटलं. सिस्टरनं तेही तितक्याच सहज मानलं, आणि बाळाच्या पायाचा ठसा पाकिटात घालून तिच्या फाईलला लावून ठेवला. पुढं कधी मागितला तर असू दे म्हणून.

ठशाचं सांगायचं राहिलं. जन्मलेल्या बाळाच्या पायाचा ठसा आईच्या केसपेपरवर घ्यायची पद्धत आपल्याकडं बऱ्याच हॉस्पिटलांत आहे. अंगठे उठवायचं तेच निळ्या शाईचं पॅड. सिस्टरनं माझ्या मुलीचे ठसे केसपेपरवर घेतले आणि एका कोऱ्या कागदावर वेगळे घेऊन मला दिले. मनगटाला बांधायची माझ्या नावाची पट्टीही दिली. नवऱ्याला म्हणाली, "फोनवर एक फोटो काढून ठेवा. आत्ता बघू नका. पण डिलीट करू नका." परदेशी हॉस्पिटलांत यासाठी वेगळी खोली असते, बाळाला थंड ठेवणारा पाळणा असतो, आठवणींची पेटी देतात. इथं शाईचं पॅड आणि रद्दीतला कोरा कागद होता. मला काही कमी वाटलं नाही.

तेवढ्यात बाहेर पुरुष मंडळी ताटकळत होती. पाऊस, अंधार, गावापर्यंतचा रस्ता. नवऱ्याचे काका दोनदा डोकावून गेले. सिस्टरनं त्यांना थेट विचारलं, "उजेडातच नेलं पाहिजे काय? सकाळी नेलं तर चालतंय काय?" काकांनी जरा विचार केला आणि चालतंय म्हणाले. कुणी विचारलंच नव्हतं तोवर. त्या रात्री बाळ हॉस्पिटलातच राहिलं आणि सकाळी नेताना मी एकदा परत बघितलं.

कागदांचं काम नवऱ्याच्या वाट्याला. मृत जन्माची नोंद जन्म-मृत्यू नोंदणीच्या फॉर्म नं. 3 वर होते, 28 आठवडे पूर्ण झालेले असले तर, आणि हॉस्पिटलात बाळंतपण झालं असेल तर ती 21 दिवसांत कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची. बाळानं एकदा जरी श्वास घेतला असता तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कराव्या लागल्या असत्या. फॉर्म कन्नडमधला, माझ्या नवऱ्याला कन्नड बोलता येतं पण वाचायला जड जातं. सिस्टरनं रकाना रकाना वाचून दाखवला, कुठं सही आणि ती कशाची ते सांगितलं. त्याच वेळी डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेमबद्दल विचारलं होतं, घरच्यांनी साफ नकार दिला. मग सिस्टर म्हणाली, बाळाला हात लावू नका म्हणता ना, ठीक आहे, वार, म्हणजे प्लॅसेंटा, तरी तपासायला पाठवूया? ती पुरायचीच असते. त्याला कुणाचा विरोध नव्हता. त्या रिपोर्टमध्येच पुढं कळलं की वारेतला रक्तपुरवठा कमी पडला होता. बीपीशी त्याचा संबंध होता. पुढच्या वेळी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी डोसची ॲस्पिरिन आणि बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या सोनोग्राफ्या, हे त्या रिपोर्टमुळं ठरलं.

रिपोर्ट यायच्या आधीच दोष द्यायला सुरुवात झाली होती. चुलत सासूबाईंना मी ग्रहणात भाजी चिरलेली आठवत होती. कुणाला स्कूटर आठवली, कुणाला शाळेत तासन्‌तास उभं राहणं. सिस्टरनं हे ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर आले तेव्हा तिनं मुद्दाम घरच्यांना थांबवून घेतलं आणि म्हणाली, "सर, हिनं काही केलं म्हणून झालं काय, ते यांना जरा सांगा." डॉक्टरांनी सांगितलं, ग्रहणाचा, स्कूटरचा, कशाचा संबंध नाही. नर्सच्या बोलण्यापेक्षा डॉक्टरांच्या बोलण्याला वजन असतं हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते तिनं वापरून घेतलं. चुलत सासूबाई पुढं काही म्हणाल्या नाहीत, निदान माझ्यासमोर.

वार्डात हलवल्यावर खरी परीक्षा. तिथं लसीचा ट्रे घेऊन येणारी सिस्टर 'बाळ कुठाय?' म्हणून विचारते. दूध पाजायला शिकवणारी येते. झाडूवाल्या मावशी 'पेढे कुठं?' म्हणून हात पुढं करतात, आणि तो त्यांचा हक्कच झालाय. आमच्या सिस्टरनं फाईलच्या पुठ्ठ्यावर आणि कॉटच्या गजाला निळी चिकटपट्टी लावली, आणि पाळी बदलताना दुसऱ्या सिस्टरला पहिल्यांदा माझं आणि शेजारच्या बाईचं सांगितलं. मावशींना, वार्डबॉयला, गेटवरच्या सिक्युरिटीलाही. आम्हा दोघींना शेवटच्या कोपऱ्यात, पाळण्यांपासून लांब ठेवलं. तरी एका विद्यार्थिनीनं विचारलंच. तिचा चेहरा एवढा पडला की मलाच तिला बस म्हणावं लागलं. सिस्टरनं तिला रागावून हाकललं नाही. म्हणाली, आता विचारलंस ना, मग बस त्यांच्याजवळ थोडा वेळ. ती मुलगी बसली. काही बोलली नाही. माझ्या नखांवरची शाई तिनं स्पिरिटनं पुसली.

दुधाचं मला कुणीही सांगितलं नसतं. आईला आठवलं नाही, किंवा धीर झाला नाही. सिस्टर म्हणाली, "दोन-तीन दिवसांत दूध येईल. बाळ नाही हे शरीराला कळत नाही. त्या दिवशी फार रडू येईल, ते आधीच सांगून ठेवते." दूध यायच्या आत देतात ती गोळी बीपी वर असलेल्या बाईला चालत नाही, म्हणून मला मिळाली नाही. मग घट्ट बसणारी ब्रा, गार पाण्याच्या पट्ट्या, वेदनेची गोळी. फार ताठलं तर आराम पडेल एवढंच काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही, नाहीतर आणखी येतं. लाल गरम गाठ आणि ताप आला तर लगेच यायचं. पूर्वी लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधायचे तसं बांधू नका. आईनं तोवर मोगऱ्याची फुलं बांधायचं काढलं होतं, ही दक्षिणेकडची जुनी रीत. 1988 साली त्यावर एक वैद्यकीय अभ्यासही छापून आलाय. सिस्टर म्हणाली, बांधा की, फुलानं काय होतंय. तिसऱ्या दिवशी दूध आलं तेव्हा मी घरी होते. रडले भरपूर, पण घाबरले नाही.

घरी वेगळाच पेच होता. मला बाळंतीण म्हणायचं का? शेक द्यायचा का, डिंकाचे लाडू करायचे का, की ते करणं बरं दिसणार नाही? पाचवीच्या दिवशी सगळे एकमेकांची तोंडं चुकवत फिरत होते. पण घरी सोडताना सिस्टरनं आईला आणि सासूबाईंना एकत्र बसवून सांगितलं होतं, "बाळ नाही म्हणून बाळंतपण संपलं नाही. सव्वा महिना हिला बाळंतिणीसारखंच बघायचं." रक्तस्राव, लोहाच्या गोळ्या, पोटभर खाणं, सगळं तसंच. आणि बीपीवाल्या बाईला बाळंतपणानंतरही धोका असतो, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधुक झालं, पोटात वरच्या बाजूला दुखलं तर रात्र असली तरी आणायचं. त्यामुळं आईनं लाडू केले. फक्त शेजारी वाटले नाहीत.

आशाताईंच्या फेऱ्यांचंही असंच. हॉस्पिटलातल्या बाळंतपणानंतर त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं, पण तो फॉर्म नवजात बाळाच्या नावानं. बाळच नाही म्हटल्यावर बाईचं नावही त्या यादीतून गळतं. सिस्टरनं तायी कार्डावरचा नंबर बघून आमच्या आशाताईंना फोन केला. त्या आल्या, एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना घेऊन आल्या, बीपी बघितलं. एका फेरीला तर नुसता चहा घेऊन गेल्या.

नवऱ्याचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्याला सगळ्यांनी एकच वाक्य दिलं होतं, 'तू खचू नको, तिला सांभाळ.' पावसात खड्डा खणणारा तो, बिल भरणारा तो, शाळेत माझ्या रजेचा अर्ज नेणारा तो. (1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात मृत जन्मलेलं बाळही बाळच धरलं होतं, त्यामुळं मी बाळंतपणाची रजा मागितली, गर्भपाताची सहा आठवड्यांची नव्हे. डिस्चार्ज कार्डावर आठवडे आणि वजन स्पष्ट लिहायला लावलं होतं सिस्टरनंच, त्याचा इथं उपयोग झाला.) दोनेक आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. माझी चौकशी झाल्यावर म्हणाली, दादांना द्या. त्याला तिनं काय विचारलं ते त्यानं पुढं सांगितलं: झोप लागते काय, जेवण जातंय काय, जीव नकोसा होतो काय. शेवटचा प्रश्नही असा सरळ. तो अंगणात जाऊन बराच वेळ बोलला. टेलि-मानसचा 14416 हा नंबर तिनं दिला होता, मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली सरकारी फोनसेवा, फुकट आणि चोवीस तास. त्यावर मी कधी फोन केला नाही. त्यानं केला.

शाळेत रुजू झाल्यावर स्टाफरूममध्ये दोन बाई आणि एक सर आपापल्या बाळांबद्दल बोलले. इतकी वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले, कुणाला माहीत नव्हतं. जगात वर्षाला साधारण 19 लाख बाळं 28 आठवड्यांनंतर मृत जन्मतात आणि त्यात सगळ्यात मोठा आकडा आपल्या देशाचा. 2014 च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्यात हे प्रमाण 2030 पर्यंत हजारी दहाच्या आत आणायचं ठरलंय. ते आलं तरी उरलेल्या आयांच्या कॉटशी कुणीतरी उभं असावं लागेलच.

गेल्या वर्षी सिस्टरनं मला त्यांच्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींशी बोलायला बोलावलं. मी जरा धसकतच गेले. एकीनं विचारलं, आम्हालाच रडू आलं तर? मी म्हटलं, आलं तर येऊ द्या, पण मग पेशंटवर तुमची समजूत काढायची वेळ आणू नका. दुसरीनं विचारलं, काय बोलू नये? 'दुसरं होईल', 'देवाची इच्छा', 'रडू नको', आणि मुलगी होती हे कळल्यावर एका बाईनं मला 'बरं झालं' म्हटलं होतं, ते. तिसरीचा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. ती म्हणाली, मॅडम, रात्रपाळीला एवढ्या कॉटना एकटी असते मी, तुमच्याजवळ बसायला वेळ कुठून आणू? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सिस्टरकडं बघितलं, तर तीही गप्प. मी एवढंच म्हणाले की हे तुमच्या मॅट्रनना आणि मॅनेजमेंटला विचारा, आणि मी बरोबर येते.

गेलो आम्ही. निळी पट्टी आता त्या वार्डात नेहमीसाठी लागते, कोपऱ्यातल्या दोन कॉटना जाड पडदा मिळाला. रात्रपाळीच्या दुसऱ्या नर्सचं बघू म्हणालेत.